उरलेली लोंकर

दसऱ्याच्या आधींची झाडलोट चालली होती. आमच्या सूनबाईंनीं माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खालीं काढविली, ओटीवर आमच्यापुढें आणून ठेविली आणि विचारलें, "मामंजी, हिचं काय करायचं? हिच्यांत नुसती उरलीसुरली लोंकर आहे. सासूबाईंना विचारायचा मला धीर होत नाहीं." प्रश्न सरळ होता, परंतु त्याचें उत्तर मिळण्यास माघ उजाडला, आणि तेंहि आमच्या तोंडून आलें नाहीं.

पेटी आमच्या कुटुंबाची. ज्यांनीं बालाघाटाचा माथा पाहिला आहे त्यांस ठाऊक असेल कीं, बीडहून घाट चढून मांजरसुंब्यास आलें म्हणजे हवा पालटते. सोलापुराहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता येथूनच जातो, त्यामुळें चवाठ्यावर रात्रंदिवस मोटारींची वर्दळ असते. परंतु गांवांत शिरलें कीं मार्गशीर्ष-पौषांतला पहांटेचा वारा कानांत शिरतो, आणि कानटोपीची योग्यता पटविण्यास कोणाच्या व्याख्यानाची गरज राहत नाहीं. अशा ठिकाणीं आमच्या एकत्र कुटुंबांतील लहानथोर माणसांस चाळीस वर्षें हिनें स्वेटर, टोप्या, गळपट्टे आणि तान्ह्या मुलांचे पायमोजे पुरविले. दर हिवाळ्यांत कांहीं गुंडे संपत, कांहीं उरत. उरलेले पेटींत जात.

चार वर्षांपूर्वीं संधिवातानें तिच्या बोटांचीं पेरें सुजलीं, पुढें बोटें वांकलीं, आणि सुया हातांत धरणें सुटलें. त्या वेळीं धाकट्या नातीचा एक डाळिंबी रंगाचा स्वेटर चालू होता. पाठ झाली होती, पोट झालें होतें, एक बाही झाली होती. दुसरी बाही कोपरापर्यंत येऊन थांबली. तो स्वेटर सुयांसकट पेटींत गेला आणि पेटी माळ्यावर गेली. नात आतां त्या स्वेटरांत मावणार नाहीं.

पेटी उघडली तेव्हां तो स्वेटर सर्वांत वर होता, आणि त्यास कसर लागली होती. खांद्यापाशीं व पाठीवर चाळणीसारखीं भोंकें पडलेलीं होतीं. सूनबाईंनीं आमच्याकडे पाहिलें, आम्हीं सूनबाईंकडे पाहिलें. मग आम्हीं तो गुंडाळून पेटीच्या तळाशीं ठेविला आणि ह्या विषयावर कोणीं बोलूं नये असें न बोलतांच ठरलें. हा भित्रेपणा होता, हें आतां मान्य करण्यास हरकत नाहीं.

बाकीची लोंकर तराजूवर घातली. ती तीन किलो भरली. साठ-सत्तर लहानमोठे गुंडे, कोणी लिंबाएवढा, कोणी नारळाएवढा; कोणी दोन पदरी, कोणी चार पदरी. विणावयाचें म्हटलें तर एका जाडीचे दोन गुंडे जुळेनात. आणि विणणारे हात घरांत उरले नव्हते. सूनबाई नोकरी संभाळून घर करतात, त्यांस वेळ नाहीं. तेव्हां सुयांवांचून ह्या लोंकरीचें जें होईल तें करूं, असें आम्हीं व नातीनें मनावर घेतलें.

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेलेला. त्यामुळें कोणतीहि वस्तु हातीं आली कीं आधीं तिचा शब्द पाहावयाचा, ही खोड जात नाहीं. लोंकरीस संस्कृतांत ऊर्णा म्हणतात. कोळ्याच्या पोटांतून सूत निघतें म्हणून तो ऊर्णनाभ, म्हणजे ज्याच्या नाभींत लोंकर आहे तो. मुंडकोपनिषदांत सृष्टि कशी उत्पन्न झाली हें सांगतांना ह्याच प्राण्याचा दृष्टांत घेतला आहे. ऋग्वेदाचें नववें मंडल सोमाचें. तो सोमरस मेंढीच्या लोंकरीच्या गाळणींतून गाळीत असत. आणि एवढ्या मागें कशाला जावें? आमच्या मातोश्री सोवळ्यांत धाबळी नेसत, व थंडीच्या दिवसांत आम्ही भावंडें त्या धाबळीच्या उबेस जाऊं पाहत असूं, तों "शिवूं नको" म्हणून शब्द येई. हें सारें आम्हीं नातीस मोठ्या रसानें सांगितलें. तिनें तें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "आजोबा, पण आतां ह्याचं करायचं काय?"

आरंभ गोंड्यांपासून केला. वहीच्या जाड पुठ्ठ्याच्या दोन सारख्या चकत्या कापाव्या, दोहोंच्या मध्यें रुपयाएवढें भोंक पाडावें, चकत्या एकावर एक ठेवून त्या भोंकांतून लोंकर आंतबाहेर गुंडाळीत जावें. भोंक भरत आलें कीं दोन पुठ्ठ्यांच्या मधल्या फटींत कात्री घालून कडेकडेनें सर्व धागे कापावे, त्याच फटींतून दोरा फिरवून करकचून गांठ मारावी, आणि पुठ्ठे फाडून काढावे. सारें मर्म त्या गांठींत आहे. आमच्या पहिल्या गोंड्याची गांठ लोंकरीचीच होती. लोंकर ताणली जाते, हें आमच्या ध्यानीं आलें नाहीं. नातीनें गोंडा झेलण्यासाठीं वर उडविला आणि घरभर लोंकरीचा पाऊस पडला. पुढें सुती पिळाचा दोरा दुहेरी करून बांधूं लागलों, तेव्हां गोंडे टिकूं लागले. वरून कात्रीनें सारखे केले म्हणजे ते मखमलीसारखे दिसतात.

दिवाळीपर्यंत असे दोन डझन गोंडे झाले. ते घरांत टांगावे असा नातीचा बेत होता, परंतु त्यांतील आठ निराळ्याच ठिकाणीं गेले. दूरच्या वाचकांस माहीत नसेल म्हणून सांगतों. आमच्या बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. नवराबायकोच्या जोडीस तेथें 'एक कोयता' म्हणून मोजतात. मुकादमाकडून आधीं घेतलेली रक्कम ती 'उचल', आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडावयाचा. मनुष्याच्या जोडप्यास हत्याराच्या नांवानें मोजण्याची ही रीति आम्हांस कधीं पचली नाहीं. तर शेजारच्या वस्तीवरील असा एक कोयता बैलगाडीसह निघाला, त्याच्या बैलांच्या शिंगांना बांधावयास म्हणून आमच्या कुटुंबानें आठ गोंडे देवविले. पोळा होऊन दोन महिने लोटले होते. परंतु ती म्हणाली कीं, लांबच्या वाटेनें जाणाऱ्या बैलांना पोळ्याची वाट कशाला पाहायला लावायची?

त्या जोडप्याचा सात वर्षांचा मुलगा मागें आजीपाशीं राहिला. अशा मुलांकरितां हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण हा आजीस सोडीना व आजी त्यास सोडीना. कार्तिकी पौर्णिमेस कपिलधारच्या यात्रेची गर्दी ओसरली, त्या सुमारास तो संध्याकाळीं आमच्याकडे येऊं लागला. आमच्या मातोश्रींच्या काळीं तो ओटीच्या पायरीवर बसला असता. आतां तो माजघरांत येतो आणि पेटीपाशीं मांडी घालतो. दुसऱ्या इयत्तेंत आहे, परंतु अक्षरें ओळखीत नव्हता. 'घ' आणि 'ध' त्यास एकच वाटत. 'भ' आणि 'म' यांची तीच गत. आम्हीं पाटी दिली, गिरवून घेतलें, दोनदां आवाजहि चढविला. सबंध आयुष्य शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यास एका पोरानें महिन्याभरांत चार अक्षरें शिकूं नयेत, ह्यांत अपयश कोणाचें हें सांगावयास नको.

मध्यंतरीं लोंकरीचे प्रयोग चालूच होते. बाटल्यांना लोंकर गुंडाळून फुलदाण्या करणें, जुन्या बांगड्यांना गुंडाळून तोरण करणें, पुठ्ठ्यावर लोंकर चिकटवून मोर काढणें, हे प्रकार पुष्कळ घरीं रुखवतांत पाहावयास मिळतात. खरें सांगावयाचें तर आम्हांस त्यांची फारशी आवड नाहीं. लग्नांत एक दिवस लोक "वा" म्हणतात, आणि पुढें दहा वर्षें त्यांवरील धूळ झटकीत बसावें लागतें. वस्तु कामाची व्हावी, हा आमचा हट्ट. आणि ह्या हट्टानेंच घात केला.

आम्हीं चुंबळ करावयास घेतली. निरनिराळ्या जाडीचे धागे एकत्र घेऊन त्यांची तीन पेडी घट्ट वेणी घालावी, वेणी चक्राकार गुंडाळीत जावी, आणि वेढ्यास वेढा दाभणानें टांचावा. चांगली वीतभर रुंद, जाड चुंबळ झाली. तांबड्या-पिवळ्या वेढ्यांची, दिसण्यास फार सुरेख. आम्हीं ती मोठ्या ऐटींत स्वयंपाकघरांत नेऊन दिली. सकाळीं भाकरी झाल्यावर सूनबाईंनीं तापलेला तवा उतरवून तीवर ठेविला. क्षणांत धूर निघाला, घाण वास सुटला. आमचें कुटुंब जवळ बसलें होतें; तिनें चुंबळ ओढून काढावयास हात घातला, आणि तव्याच्या बुडाशीं मऊ होऊन चिकटलेला एक धागा तिच्या उजव्या तर्जनीस लागला. सर्व बोटांत तेंच एक बोट सरळ राहिलें होतें.

सूनबाईंनीं प्रसंगावधान राखून तें बोट नळाच्या धारेखालीं धरविलें, वीस मिनिटें हलूं दिलें नाहीं, व कातडीस चिकटलेलें कांहीं ओढूं दिलें नाहीं. तें डॉक्टरांनींच काढलें. ओढलें असतें तर कातडीहि निघाली असती, असें डॉक्टर म्हणाले. फोड महिन्यांत बरा झाला. आम्ही मात्र त्या रात्रीं जेवलों नाहीं. ती पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन म्हणाली, "अहो, लोंकर अशी जळत नसते. माझ्या वडिलांचं घोंगडं शेकोटीच्या ठिणग्यांनीं कधीं पेटलं नाहीं."

ह्या एका वाक्यानें आमचे डोळे उघडले. दुसऱ्या दिवशीं आम्हीं परीक्षा मांडली. तिची रीति प्रत्येक घरांत माहीत असावी म्हणून लिहितों. एक धागा चिमट्यांत धरावा, खालीं पाण्याची परात ठेवावी, आणि टोंक समईच्या ज्योतीशीं न्यावें. खरी लोंकर पेटण्यास नाखूष असते. केंस जळल्याचा वास येतो, कारण केंस, नखें व लोंकर एकाच द्रव्याचीं झालेलीं आहेत. ज्योत दूर केली कीं बहुधा ती आपोआप विझते, आणि जी राख राहते ती बोटांनीं चुरडतां येते. दुकानांत लोंकर म्हणून मिळणारें जें अ‍ॅक्रिलिक, तें भराभर पेटतें, आक्रसतें, वितळल्यासारखें गळतें, आणि शेवटीं काळी टणक गांठ राहते, ती चुरडत नाहीं. हें अ‍ॅक्रिलिक खनिज तेलापासून निघणाऱ्या द्रव्यांचें करतात. १९५० सालीं अमेरिकेंत त्याचा धागा व्यापारी प्रमाणावर निघूं लागला, आणि आज आपल्याकडील लोंकरीच्या दुकानांत मुख्यत्वें तोच असतो. धुण्यास सोपा, स्वस्त, रंगास पक्का. अंगांत घालावयास त्यास नांव ठेवण्याचें कारण नाहीं. पण चुलीपाशीं, समईपाशीं व तापल्या भांड्याखालीं तो नको.

तुलनेसाठीं आम्हीं शिवारांत मेंढ्या बसविलेल्या एका धनगराकडून काळ्या लोंकरीचा पुंजका मागून आणला. ती दख्खनी मेंढीची राठ लोंकर. हिच्या सुताचीं घोंगडीं सणगर लोक विणीत आले, व त्या सुतास चिंचोक्याची खळ लावीत आले. धनगर हंसून म्हणाला, "न्या कीं पोतंभर गुर्जी, कातरायची मजुरीबी निघत नाहीं आतां." राजस्थानांत मेंढ्या व लोंकर यांच्या संशोधनासाठीं १९६२ सालीं सरकारनें मोठी संस्था काढली, तिच्या गांवाचें नांवच अविकानगर, अवि म्हणजे मेंढी. नांव वाचून आम्हांस आनंद झाला होता. परंतु आमच्या शिवारांतील अवीची लोंकर बांधावर पडलेली पाहिली म्हणजे तो आनंद टिकत नाहीं.

साठ-सत्तर गुंड्यांपैकीं खरी लोंकर पांचांत निघाली. गंमत अशी कीं, परीक्षेची गरजच नव्हती. कसरीची अळी केंसलोंकरीच्या द्रव्यावर जगते, अ‍ॅक्रिलिकला ती तोंड लावीत नाहीं. पेटींत जेवढें कुरतडलेलें होतें तेवढें खरें होतें. त्या किड्यास आमच्याहून अधिक समजत होतें. हें आम्ही विनोदानें बोलून गेलों, आणि बोलतां बोलतां जीभ चावली.

"म्हणजे माझा डाळिंबी स्वेटर?" तिनें विचारलें.

ती लोंकर आमच्या थोरल्या बंधूंनीं बदरीनारायणाच्या यात्रेहून येतांना आणलेली, अगदीं खरी. आतां लपविण्याजोगें कांहीं उरलें नव्हतें. आम्हीं तळाशीं हात घालून तो काढून तिच्या मांडीवर ठेविला. तिनें तो उलगडला, भोंकांतून बोट घालून पाहिलें, अर्ध्या बाहीवरील सुया चांचपल्या. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. आम्हांस वाटलें, आतां रडेल. ती म्हणाली, "चाळीस वर्षं मी जिला लोंकर म्हणत आलें ती लोंकर नव्हती, आणि जी होती ती किड्यानं खाल्ली. बरं, पोरांना ऊब तर खरी मिळाली ना?" आणि तिनें सुया उपसून काढल्या.

विणण्यास बोटें लागतात. उसविण्यास लागत नाहींत. वांकड्या बोटांच्या आंकड्यांत धागा अडकवून ती ओढीत राहिली. बाही सरसर उसवली, ती लोंकर अखंड निघाली. उसवलेली लोंकर कुरळी असते. ती खुर्चीच्या पाठीस गुंडाळून लड करावी, कोंमट पाण्यांत बुडवून काढावी व खालीं तांब्या अडकवून वाळत टांगावी, म्हणजे सरळ होते. पण पाठ उसवूं लागतांच प्रत्येक भोंकापाशीं धागा तुटूं लागला. कोठें वीतभर, कोठें चार बोटें. असल्या तुकड्यांचा गोंडा होत नाहीं, वेणी होत नाहीं. त्यांचा ढीग वाढत चालला. तो पोरगा शेजारीं बसून एकेक तुकडा जमिनीवर वांकडातिकडा मांडीत होता. एका तुकड्यास त्यानें अर्धें वळण दिलें, खालीं एक गांठ आली, बाजूस उभा तुकडा ठेविला, आणि आम्हांस एकदम 'घ' दिसला.

मादाम मॉंटेसोरी १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या. त्यांच्या पद्धतींत मुलें खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून अक्षर शिकतात. आपल्याकडे ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस, व १९५७ पासून कोसबाडला, खेड्यांतील मुलांसाठीं भोंवतालच्या स्वस्त वस्तूंतूनच शिक्षणाचीं साधनें केलीं. हें सर्व आम्हीं प्रशिक्षणाच्या वेळीं पाठ करून परीक्षेंत लिहिलेलें. गुण चांगले पडले होते. महिनाभर पाटीवर डोकेफोड करतांना त्यांतील एक अक्षरहि आठवलें नाहीं.

त्याच रात्रीं बसलों. पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापले. गव्हाच्या पिठाची खळ शिजविली. पुस्तकें बांधणारे लोक तींत मोरचूद घालतात, पण तें विष असल्यामुळें मुलाच्या हातांतल्या वस्तूंत घातलें नाहीं. पुठ्ठ्यावर पेन्सिलीनें अक्षर काढून, लेखणी ज्या बाजूनें फिरते त्याच बाजूनें लोंकरीचा दुपदरी तुकडा खळीवर दाबीत नेला, आणि शिरोरेघ शेवटीं निराळ्या, पांढऱ्या धाग्याची दिली. 'घ'ची शिरोरेघ सलग. 'ध'ची डाव्या अंगास तुटलेली. 'म'ची सलग, 'भ'ची तुटलेली. डोळ्यांस हा फरक त्या मुलाच्या लेखीं नव्हताच. त्याचे डोळे रुमालानें बांधले, आणि बोट पुठ्ठ्यावर ठेविलें. तें लोंकरीवरून चाललें, डावीकडे जाऊन एकदम कोऱ्या पुठ्ठ्यावर उतरलें, आणि तो ओरडला, "ह्यो फुटका हाय! ह्यो ध!" पुढचें पान दिलें, बोट सलग गेलें, "घ."

आमच्या कुटुंबानें आमच्याकडे पाहिलें नाहीं. तिनें फक्त तुकड्यांचा ढीग आमच्या बाजूस सरकविला.

पौषभर हेंच चाललें. ती तुकडे निवडून लांबीप्रमाणें लावून ठेवी, नात पुठ्ठे कापी, आम्ही चिकटवीत असूं. अ‍ॅक्रिलिकचेहि उपयोग झाले. अक्षरास आग लागण्याचें भय नाहीं. कसर लागूं नये म्हणून खऱ्या लोंकरीच्या अक्षरांच्या डब्यांत कडुनिंबाचा पाला घातला व अधूनमधून ऊन दाखविलें. मुलानें पहिला शब्द केला तो 'आई', आणि फोन आला तेव्हां तो पुठ्ठा फोनपुढें धरून उभा राहिला. पलीकडे ती बाई उसाच्या फडांत होती. तिला वाचतां येत नाहीं. पण काय आहे तें तिला कळलें असावें, कारण बराच वेळ पलीकडून शब्द आला नाहीं.

माघांत एके संध्याकाळीं त्याची आजी त्यास न्यावयास आली, ती नेहमींसारखी बाहेरून हाक न मारतां आंत आली आणि अक्षरांच्या पुठ्ठ्यांपाशीं बसली. 'घ'वरून तिनें अंगठा फिरविला. तोच अंगठा तिनें आजवर कागदांवर उठविलेला. मग पदर सांवरून म्हणाली, "गुर्जी, माजं बी नांव करता का असल्या लोंकरीचं?"

आम्ही उत्तर देण्याच्या आधींच आमच्या कुटुंबानें पेटी तिच्यापुढें ओढली आणि झांकण उघडलें. "रंग तुम्हीच निवडा," ती म्हणाली.

म्हातारीनें पोपटी पाहिला, पिवळा पाहिला, निळा हातांत घेऊन परत ठेविला. शेवटीं तिचा हात डाळिंबी तुकड्यांवर गेला.

"तो मऊ आहे," आमचें कुटुंब म्हणालें, "पण सारे तोकडे तुकडे आहेत हो त्याचे."

"असूं द्या कीं. माजं नांव तरी कुठं लांब हाय?"

तीन अक्षरांचें नांव होतें. सूनबाई खळ शिजवावयास उठल्या.